गाडीचा आवाज आणि घराचा श्वास

वाचकहो, आरोग्याला वाहिलेल्या पाक्षिकात स्पोर्ट्स कारच्या सायलेन्सरची चर्चा कशासाठी, असा प्रश्न आपणांस पडणे स्वाभाविक आहे. परंतु घरातील तरुण मंडळी हौसेने वेगवान गाडी घेतात आणि काही महिन्यांतच ‘एक्झॉस्ट बदलायचा आहे’ असा विषय जेवताना निघतो, तेव्हा त्या निर्णयाचा संबंध आपल्या फुप्फुसांशी, कानांशी आणि झोपेशीही असतो. वडीलधारी माणसे अशा वेळी ‘नाही’ म्हणून मोकळी होतात. त्यापेक्षा ही यंत्रणा समजून घेतलेली बरी.

इंजिनातून निघालेला तप्त वायू प्रथम मॅनिफोल्ड नावाच्या नळ्यांच्या जुडग्यात येतो, तेथून कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातो आणि अखेर मफलरमधून, म्हणजे ज्याला आपण सायलेन्सर म्हणतो त्यातून, बाहेर पडतो. यांपैकी मफलर आवाज सांभाळतो, तर कन्व्हर्टर विष. त्याच्या आत मधाच्या पोळ्यासारखी बारीक छिद्रांची चिनी मातीची वीट असते. तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम व ऱ्होडियम या धातूंचा पातळ थर असतो. कार्बन मोनॉक्साइडचा येथे कार्बन डायऑक्साइड होतो, अर्धवट जळलेले इंधन पूर्ण जळते आणि नायट्रोजनची घातक ऑक्साइडे पुन्हा साध्या नायट्रोजनमध्ये बदलतात. १ एप्रिल १९९५ पासून मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना हा भाग अनिवार्य झाला आणि त्यासोबतच शिसेविरहित पेट्रोल आले, कारण शिशाने हा थर निकामी होतो. कन्व्हर्टर नीट काम करू लागतो तो सुमारे ३०० अंश सेल्सिअस तापल्यावर. म्हणूनच बंदिस्त पार्किंगमध्ये गाडी सुरू ठेवून ‘गरम करणे’ ही वाईट सवय आहे.

गॅरेजमध्ये सल्ला मिळतो, ‘कॅट काढून टाका, गाडी मोकळा श्वास घेईल.’ टर्बो इंजिनात त्याने शक्ती वाढते, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण गाडीच्या त्या मोकळ्या श्वासाची किंमत आपल्या श्वासाने चुकवावी लागते. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, गंध नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट जखडतो. गर्भवती, तान्ही मुले व हृदयरोगी यांना त्याची थोडी मात्राही बाधते. त्यातही कन्व्हर्टर काढल्यावर डॅशबोर्डवर लागणारा इशाऱ्याचा दिवा संगणकातून बंद करून देणारे कारागीर असतात. त्यांना कुशल म्हणवत नाही.

‘इंजिनाला मागचा दाब लागतोच’ अशीही एक समजूत प्रचलित आहे. वस्तुतः दाब कोणत्याच इंजिनाला नको असतो. हवा असतो वायूचा वेग. नळी गरजेपेक्षा रुंद बसवली की तो वेग मंदावतो आणि कमी फेऱ्यांवरची ओढ घटते. शहरात गाडी चालते ती याच फेऱ्यांवर.

आता आवाजाकडे वळू. अमेरिकेत फोर्ड कंपनीच्या एका अभियंत्याने मस्टँग जातीची आपली गाडी घराजवळ सुरू केली आणि शेजाऱ्यांनी पोलिसांना बोलावले. त्या प्रसंगातून २०१८ च्या मस्टँगमध्ये ‘शांत प्रारंभ’ ही सोय आली. एक्झॉस्टमधील झडप ठरावीक वेळी मिटलेली ठेवता येते आणि आठ सिलिंडरांच्या इंजिनाचा सुरू होतानाचा आवाज ८२ डेसिबलवरून ७२ वर येतो. दहा डेसिबल म्हणजे ध्वनिशक्ती दशांश, आणि कानाला आवाज जवळपास निम्मा. हौस आणि शेजारधर्म एकाच गाडीत नांदू शकतात, ते असे.

आपल्याकडे निवासी भागात रात्रीची ध्वनिमर्यादा ४५ डेसिबल आहे. वाहनाने आवाजाचे वा धुराचे मानक मोडल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० (२) खाली दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा कैदही होऊ शकते. बाहेरचा मफलर बसवायचा तर तो या मर्यादांत राहील याची खात्री आधी करावी. मूळ मफलर मात्र भंगारात देऊ नये.

बाहेरच्यांना ऐकू जाणाऱ्या गर्जनेपेक्षा आतला घुमारा अधिक त्रासदायक असतो. महामार्गावर एकसारख्या वेगात मफलरचा खर्जातला सूर गाडीच्या पोकळीत कोंडतो आणि चालकापेक्षा मागे बसलेल्यांना जास्त जाणवतो. मुंबई–पुणे प्रवासात मूल चिडचिडे होते, आजींचे डोके जड होते, आणि दोष घाटाच्या वळणांना दिला जातो. अंतर्कर्णातील सूक्ष्म केशपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. ८५ डेसिबल आवाजात आठ तास ही प्रौढ कामगारासाठी मानलेली मर्यादा. पुढे दर तीन डेसिबलला ती वेळ निम्मी होते. बालकाच्या कानाला तर याहून अधिक जपावे.

तेव्हा एक्झॉस्टचे काम करून गाडी घरी आली की पहिल्या लांब फेरीत घरातील जाणत्या, निरोगी माणसाने मागील आसनावर बसावे. सकाळी थंड इंजिन सुरू करताना टकटक ऐकू येते का आणि सांध्यांवर काजळी दिसते का, हे पाहावे. दोन्ही गळतीच्या खुणा आहेत. प्रवासात डोके दुखू लागले, मळमळले आणि मोकळ्या हवेत उतरताच बरे वाटले, तर त्यास गाडी लागणे समजू नये. तत्काळ गाडी थांबवून सर्वांना उतरवावे, डॉक्टरांना धुराची शंका स्पष्ट सांगावी आणि गळती दुरुस्त होईपर्यंत त्या गाडीत कोणीही बसू नये.