घुंऽऽऽ! आवाज येतोय कुठून?

काय दोस्तांनो, ओळखा पाहू! गाडी उभी असली की गप्प. हळू चालली की कुणकुण. आणि वेगात निघाली की 'घुंऽऽऽ'! इंजिन नव्हे, हॉर्न नव्हे. मग कोण?

आमच्या दादाच्या जुन्या छोट्या गाडीत हा पाहुणा महिनाभर मुक्कामाला होता. आवाज मागून यायचा. दादा म्हणाला, "टायर झिजलेत." झालं! मागचे दोन्ही टायर नवे घातले. खिसा हलका झाला, आवाज मात्र तस्सा! मग दादाने सोपा उपाय काढला. टेप मोठ्याने लावायचा. आवाज ऐकूच येत नाही!

मागच्या मे महिन्यात आम्ही सगळे साताऱ्याहून पाचगणीला एका साखरपुड्याला निघालो. दादा गाडी चालवत होता. मागे आई, मी आणि आमच्या मध्ये सहावीतली माझी भाची. वाईच्या अलीकडे ती म्हणाली, "आत्या, गाडी उजवीकडे वळली ना, की आवाज वाढतो. डावीकडे वळली की कमी होतो." मी काय म्हणावं? "अगं, गप्प बस जरा. बाबांना गाडी चालवू दे." होय, मीच! वर्गात रोज 'प्रश्न विचारा' म्हणणारी मी!

वाईत हवा भरायला एका गॅरेजपाशी थांबलो. तिथल्या चाचांनी आमचा आवाज लांबूनच ऐकला होता. त्यांनी दादाला विचारलं, "आवाज कधी वाढतो?" दादा म्हणाला, "नेहमीच येतो." चाचा हसले. "नेहमी नाही. कधी वाढतो, कधी कमी होतो, ते सांगा." दादा गप्प. मी गप्प. भाची हळूच बोलली, "उजवीकडे वळताना वाढतो." चाचा चटकन म्हणाले, "शाब्बास बेटा! मग डावं चाक बघू."

उजवीकडे वळताना वाढतो आणि डावं चाक? हे कसं? तुम्ही एस.टी.तून जाता ना? बस उजवीकडे वळली की तुम्ही कुठे कलंडता? डावीकडे! तसाच गाडीचा भारही डाव्या चाकांवर जातो. दुखऱ्या पायावर जोर पडला की माणूस जास्त कण्हतो. चाकाचंही तसंच.

पण चाचा एवढ्यावर थांबले नाहीत. समोरच्या मोकळ्या सरळ रस्त्यावर त्यांनी स्वतः गाडी चालवून पाहिली. थोड्या वेगात असताना गिअर काढला. इंजिनाचा आवाज उतरला, घुंऽऽऽ कायम. म्हणजे दोष इंजिनाचा नाही. मग हलकेच ब्रेक दाबला. आवाजाचा सूर बदलला नाही. म्हणजे बहुतेक ब्रेकही नाही. आणि टायर? ते तर नवेच होते. पाहिलंत? एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि कान द्यायचा. एकेक संशयित सुटत जातो आणि खरा चोर उरतो.

आता तपासणी. चाचांनी पुढच्या चाकांना दगड लावले, हँडब्रेक सोडला, जॅकने गाडीची मागची बाजू उचलली आणि खाली लोखंडी घोडी ठेवली. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही हात-पाय घालू नये, बरं का! मग डावं चाक वर आणि खाली धरून हलवलं. खडखड! उजवं चाक हललंसुद्धा नाही. नंतर डावं चाक हाताने गरगर फिरवून त्यांनी चाकावरच्या स्प्रिंगला हात लावला. "हाताला गुणगुण लागते," म्हणाले. चोर सापडला. बेअरिंग!

बेअरिंग म्हणजे दोन कडी, एकात एक, आणि मध्ये छर्रे. सायकलच्या चाकात तुम्ही ते पाहिलेच असतील. धातूवर धातू घासण्याऐवजी छर्रे लोळतात, म्हणून चाक हलकं फिरतं. ही युक्ती जुनी आहे. वेल्समधल्या फिलिप व्हॉन यांनी 1794 साली घोडागाडीच्या आसासाठी अशा छर्‍यांचं पेटंट घेतलं होतं.

चाक काढलं, ड्रम उतरवला. आतलं ग्रीस काळपट, पाणचट झालेलं. रबरी सील फाटलेलं. दादाला आठवलं, पावसाळ्यात गाडी ओढ्याच्या पाण्यातून घातली होती. पाणी शिरलं, गंज चढला आणि कड्याच्या गुळगुळीत वाटेवर बारीक खड्डे पडले. त्या खड्ड्यांवरून छर्रे धावायचे, तोच आपला घुंऽऽऽ! चाचा दादाला म्हणाले, "टेप लावून घाट चढला असता साहेब. अशी बेअरिंग तापते, कधी जाम होते, कधी चाकच डगमगायला लागतं."

समोर पसरणीचा घाट होता. आईने माझा हात घट्ट धरला.

नवी बेअरिंग आणायला, बसवायला तीन तास गेले. बसवताना चाचांनी छर्‍यांवरून जोर जाऊ दिला नाही. बाहेरच्या कड्यावरूनच ती हळूहळू आत दाबली. नवं सील, नवी पिन घातली आणि नट मोजून आवळला. चाक फिरवलं. आवाज नाही! साखरपुडा हुकला, पंगतीही उठल्या होत्या. पण दादाने घाटात टेप लावला नाही. दर वळणावर तो लेकीला विचारत होता, "आता काय ऐकू येतं गं?"

आणि मी? मी तिला 'चुकले' म्हटलं. बाईसुद्धा चुकतात!

करून पाहा : सायकल उलटी उभी करा. पुढचं चाक ताईला किंवा दादाला फिरवायला सांगा. लाकडी पट्टीचं एक टोक चिमट्याच्या वरच्या भागाला टेकवा, दुसरं कानापुढच्या हाडाला. बोटं, केस, ओढणी आऱ्यांपासून लांब! आवाज कसा स्पष्ट येतो पाहा. फ्रान्समधले डॉक्टर लेनेक यांनी 1816 साली कागदाची सुरळी करून रुग्णाच्या छातीचे ठोके असेच ऐकले. त्यातूनच स्टेथोस्कोप आला. आता मैत्रिणीच्या सायकलचा आवाज ऐका. दोन्हींत फरक आहे का?

घरातला एखादा आवाज निवडा. पंखा, नळ, शिलाई मशीन, काहीही. तो कधी येतो, कधी वाढतो, कधी थांबतो, हे तीन ओळींत मला लिहून पाठवा. आणि कोणी 'गप्प बस' म्हणालं, तर एकदा गप्प बसा. पण दुसऱ्यांदा नक्की सांगा!

तुमची,
बाई