दप्तराला दिवाणजी कोण?

घरचे कागद व छायाचित्रें अनेक संगणकांवर एकसारखीं ठेवणारीं मुक्तस्रोत साधनें, म्हणजे ज्यांची घडण कोणासही तपासतां येते अशीं, हल्लीं पुष्कळ झालीं आहेत. त्यांची तुलना करणारे पंडित नेक्स्टक्लाउडला पहिला मान देऊन मोकळे होतात. उमरग्यासारख्या तालुक्याच्या गांवांतील कुटुंबापुरता हा निवाडा आम्हांस साफ अमान्य आहे.

ओनक्लाउड २०१० सालीं निघालें. त्याचे जनक फ्रँक कार्लिचेक यांनींच २०१६ सालीं वेगळी चूल मांडून नेक्स्टक्लाउड उभारलें. फाइलींखेरीज दिनदर्शिका, पत्ते, एकत्र लेखन असा सारा वाडाच त्यांत आहे. पण वाड्याला दिवाणजी लागतो! सर्व्हर अहोरात्र चालविणें, सुरक्षेच्या दुरुस्त्या वेळच्या वेळीं चढविणें, हें मुलगा पुण्यास व मुलगी हैदराबादेस असतां कोणीं करावें? श्लेस्विग-होल्स्टाइन या जर्मन राज्याच्या कचेऱ्यांनीं तें पत्करलें हें खरें. त्यांच्या पदरीं पगारी तंत्रज्ञ आहेत. सीफाइल वेगवान, परंतु सर्व्हरवर तें फाइलींचे तुकडे करून आपल्याच सांच्यांत ठेवतें. सर्व्हर बिघडल्यास नुसती डिस्क उघडून सातबारा वाचतां येत नाहीं.

आमचें मत सिंकथिंगच्या बाजूनें आहे. त्याला मधला सर्व्हर ठेवावा लागत नाहीं. उमरग्याचा संगणक व पुण्याचा संगणक परस्परांशीं सांकेतिक भाषेंत बोलतात. एक बंद असला तर दुसरा त्याची वाट पाहतो, आणि दोन्हींकडे फाइल जशीच्या तशी वाचतां येते. हें ‘दोन्हींकडे’च आमच्या वादाचें मूळ आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे तेव्हांच्या उमरगा तालुक्यांतील सास्तूरसारख्या गांवीं दगडमातीचीं घरें कोसळलीं. एकाच छपराखालीं ठेवलेला कागद छपराबरोबरच जातो, हें या भागाला कोणीं शिकवावयास नको. घरांतच उभारलेला एकुलता सर्व्हर म्हणजे तीच जुनी पेटी, फक्त विजेवर चालणारी!

‘गूगल फुकट देत असतां हा खटाटोप कशाला?’ असें विचारणाऱ्यांनीं १ जून २०२१ हा दिवस आठवावा. फोटोंची अमर्याद फुकट सांठवण त्या दिवशीं संपली. अँड्रॉइडवरील अधिकृत सिंकथिंग डिसेंबर २०२४ मध्यें बंद झालें, हा आक्षेप मात्र रास्त आहे; फोनपुरतें इतरांनीं चालविलेल्या शाखेवर विसंबावें लागतें. शिवाय एकीकडे चुकून पुसलेलें दुसरीकडेही पुसलें जातें. म्हणून जुन्या आवृत्त्या राखण्याची सोय दोन्हीं संगणकांवर आधीं चालू करावी. आणि निजामी अमदानीचे उर्दू कागद घरांत असतील तर त्यांची आणखी एक प्रत वेगळ्या डिस्कवर घालून पुण्याच्या कपाटांत ठेवावी.