आपोआप कापा, पण आपोआप थांबा!

महिन्याची एक तारीख. पगार जमा झाल्याचा एसएमएस येतो आणि त्याच्या पाठोपाठ पैसे कापल्याचे चार: घराचा हप्ता, एसआयपी, मोबाइल, सिनेमाचं अ‍ॅप. बोटही न हलवता बिलं भागतात. मग वाटतंच, एसटीच्या पासाचंही असं झालं तर? यवतमाळहून दारव्हा, आर्णी, कळंब असं रोज अप-डाउन करणाऱ्यांनो, आयडिया झक्कास आहे. सकाळची गाडी पकडायची की पासाच्या खिडकीशी उभं राहायचं, हे टेन्शनच खल्लास!

पण बॉस, आधी जरा गणित करू. मासिक पासाचा फंडा सिंपल आहे: २० दिवसांचं भाडं भरा, ३० दिवस फिरा. समजा जाऊन-येऊन १०० रुपये लागतात, तर पास २,००० चा. आठवड्याचे सहा दिवस ऑफिस असेल तर महिन्यात साधारण २६ दिवस प्रवास, म्हणजे ६०० वाचले. राज्य सरकारी ऑफिसांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आहे. तिथे २२ दिवस भरतात, वाचतात फक्त २००. त्यात दिवाळी आली, चार दिवस रजा टाकली, की १,८०० च्या प्रवासाला २,००० मोजले! खिडकीशी उभा माणूस बोटांवर हिशेब करतो आणि म्हणतो, 'या महिन्यात राहू दे, रोजचं तिकीट काढू.' ऑटो-पे हिशेब करत नाही. तो फक्त कापतो.

मैत्रिणींनो, तुमचं गणित तर आणखी वेगळं. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीच्या तिकिटात ५० टक्के सूट आहे. २६ दिवस रोज तिकीट काढलं तरी १,३०० होतात. पास घ्यायचाच तर आधी ही बेरीज करा.

आता खरी मेख. नोव्हेंबर २०२१ ते एप्रिल २०२२ आठवतंय? कर्मचाऱ्यांच्या संपामुळे राज्यभर लालपरी डेपोत उभी होती आणि आपण काळीपिवळीत कोंबून घेऊन दुप्पट खर्च करत होतो. अशा वेळी पासाचे पैसेही दर महिन्याला गुपचूप कापले गेले असते तर? गाडी बंद पडल्याचं तुमच्या बँकेला कोण सांगणार? आणि २५ जानेवारी २०२५ ला एसटीचं भाडं १४.९५ टक्क्यांनी वाढलं, तसं पुन्हा वाढलं तर आधी ठरवलेली रक्कम अपुरीच पडणार.

याला इलाज आहे, आणि तो आहे नियमांत. रिझर्व्ह बँकेने आपोआप कापल्या जाणाऱ्या पैशांसाठी २४ तास आधी मेसेजची अट घातली. मेसेज आला की तुम्ही नाही म्हणू शकता. यूपीआय ऑटो-पे तर अ‍ॅपमधूनच थांबवता येतं. मात्र ऑगस्ट २०२४ मध्ये फास्टॅग आणि मेट्रो-बसचं कॉमन मोबिलिटी कार्ड यांच्या आपोआप रिचार्जला या आगाऊ मेसेजमधून सूट मिळाली. बॅलन्स कधी संपेल हे आधी कळत नाही, म्हणून ते बरोबरही आहे. पण मग लक्ष ठेवायची जबाबदारी आपली.

लंडनवाल्यांनी यावर भारी तोड काढली. तिथे बस-मेट्रोत बँकेचं कार्ड टेकवायचं. जेवढा प्रवास तेवढे पैसे, आणि दिवसाची किंवा आठवड्याची ठरलेली मर्यादा गाठली की पुढचा प्रवास फुकट. पास आधी घेण्याची भानगडच नाही. आपल्या एसटीत हाच हिशेब लावला तर? महिन्यात २० दिवसांचं भाडं भरून झालं की कापणं बंद. रजा घेतली तर पैसे तुमचेच, संप झाला तरी तुमचेच. कंडक्टरच्या मशीनवर यूपीआय आलंच आहे, मग पुढची पायरी एवढी अवघड का असावी?

तोवर रांगेचा कंटाळा असेल तर त्रैमासिक पास बघा: ५० दिवसांचं भाडं, ९० दिवस प्रवास. वर्षातून चारदाच खिडकी! आणि कुठेही ऑटो-पे लावताना तीन गोष्टी ठरवून टाका: जास्तीत जास्त रक्कम किती, शेवटची तारीख कोणती आणि बंद करायचं बटण कुठे. पैसे आपोआप जाऊ देत, पण ब्रेक आपल्याच पायाखाली हवा. काय म्हणता?