विश्लेषण : वाकडे पाऊल सरळ होते, तरी मूल लंगडत का राहते?

जन्मतः आत वळलेले पाऊल प्लास्टर आणि बुटांच्या साध्या उपचाराने सरळ होते. मोठी शस्त्रक्रिया बहुतेकदा लागतच नाही. पण हा उपचार चार वर्षे चालतो आणि आपली आरोग्य यंत्रणा पहिल्या दिवसाची तपासणी जेवढ्या हौसेने मोजते, तेवढ्या हौसेने चौथ्या वर्षाचा निकाल मोजत नाही. नाशिकसारख्या जिल्ह्यात या फरकाची किंमत मुलाच्या पायाला मोजावी लागते.

क्लबफूट म्हणजे नेमके काय?

बाळाचे पाऊल आत आणि खाली वळलेले असते. टाच वर ओढलेली, तळवा दुसऱ्या पायाकडे पाहणारा. याला क्लबफूट म्हणतात. जगभरात साधारण हजार जन्मांमागे एका बाळात हा दोष आढळतो. मुलींपेक्षा मुलांमध्ये त्याचे प्रमाण जवळपास दुप्पट असते आणि सुमारे निम्म्या बाळांची दोन्ही पावले वळलेली असतात.

गर्भवतीने ग्रहणात काही कापले, चिरले किंवा वळवले म्हणून बाळाचा पाय वाकडा झाला, असे आजही अनेक घरांत बोलले जाते. त्यात तथ्य नाही. बहुतेक बाळांमध्ये नेमके कारण सापडत नाही. काही घराण्यांत आनुवंशिक धागा दिसतो. आईच्या वागण्याशी याचा संबंध नसतो, हे सासरच्या मंडळींना डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगायला हवे. कारण दोष आईच्या माथी मारला गेला, की बाळाला घेऊन बाहेर पडण्याचीच तिला चोरी होते.

उपचार कसा होतो?

मूळचे स्पेनचे आणि अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात काम केलेले डॉ. इग्नासिओ पोन्सेटी यांनी विकसित केलेली पद्धत आज जगभर प्रमाण मानली जाते. त्यांचा जन्मदिन ३ जून हा ‘जागतिक क्लबफूट दिन’ म्हणून पाळला जातो.

नवजात बाळाची हाडे अजून बरीचशी कुर्चेची, म्हणजे मऊ असतात. याच गोष्टीचा ही पद्धत उपयोग करून घेते. डॉक्टर पाऊल हाताने हळूहळू योग्य दिशेला आणतात आणि मांडीपासून बोटांपर्यंत प्लास्टर घालतात. दर आठवड्याला जुने प्लास्टर काढून, पाऊल आणखी थोडे वळवून नवे घातले जाते. अशी साधारण पाच ते सात प्लास्टर लागतात. बहुतेक बाळांत शेवटी टाचेमागची ताठ कंडरा छोटा छेद देऊन सैल करावी लागते. त्यानंतर तीन आठवड्यांचे शेवटचे प्लास्टर.

इथवर आले की पाऊल सरळ दिसू लागते आणि घरच्यांना वाटते, झाले. खरे तर इथून दुसरा टप्पा सुरू होतो. एका दांडीला जोडलेले बूट पहिले तीन महिने दिवसातले २३ तास घालायचे. पुढे बाळ चार वर्षांचे होईपर्यंत रात्री आणि दुपारच्या झोपेत. ही पद्धत नीट पाळली तर दहापैकी नऊहून अधिक पावले सुधारतात. बूट सुटले तर पाऊल पुन्हा वळते. दोष उलटण्यामागे हेच सर्वांत मोठे कारण आहे.

मग गाडे अडते कुठे?

अडते ते अंतरापाशी. सुरगाणा तालुक्यातील एखाद्या पाड्यावरच्या बाळाचा विचार करू. सुरगाण्याहून नाशिक सुमारे ९० किलोमीटर. पाड्यावरून सुरगाण्याला पोहोचायचे ते वेगळे. सहा प्लास्टरच्या सहा फेऱ्या, मग कंडरेचा छेद, बूट घेण्याची फेरी, पहिल्या तीन महिन्यांत दरमहा तपासणी आणि पुढे चार वर्षांपर्यंत दर तीन-चार महिन्यांनी एक. गोळाबेरीज वीसच्या पुढे जाते. जाऊन-येऊन १८० किलोमीटर धरले तरी एका पावलासाठी साडेतीन हजार किलोमीटरचा प्रवास होतो.

मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मे तिकीट आहे आणि पाच वर्षांखालील मुलाला तिकीट लागत नाही. म्हणजे भाड्याचा भार हलका झाला. बुडणारी मजुरी मात्र पूर्ण बुडते. सोबत घरातला आणखी कोणी आला तर दोघांची.

त्यात पावसाळा. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी हा जिल्ह्याचा सर्वाधिक पावसाचा पट्टा. ओले झालेले प्लास्टर मऊ पडते, पायाला धरून राहत नाही. मग आठवड्याची मेहनत वाया जाते आणि फेरी वाढते.

दिवाळी झाली की याच भागातील अनेक कुटुंबे दिंडोरी, निफाडच्या द्राक्षबागांत मजुरीला उतरतात आणि उन्हाळ्यात परततात. भाताच्या कामाच्या वेळी जन्मलेले बाळ बूट घालण्याच्या वयाचे होते, नेमके तेव्हा घर बागेतल्या तात्पुरत्या खोपीत असते. तिथे त्या बाळाचे नाव माहीत असलेली आशा ताई नसते. बूट लहान झाले तर कोणाला सांगायचे, हेही ठाऊक नसते. पहिल्या वर्षात बाळाचे पाऊल झपाट्याने वाढते. चार महिन्यांपूर्वीचा बूट आज टोचतो, बाळ रडते आणि आई तो काढून ठेवते.

हा पालकांचा हलगर्जीपणा नाही का?

रुग्णालयाच्या नोंदीत अशा बाळापुढे ‘उपचार अर्धवट सोडले’ असा शेरा पडतो. वाक्य तीन शब्दांचे, पण त्याने सगळी जबाबदारी कुटुंबावर ढकलली जाते. रात्रभर रडणाऱ्या बाळाच्या पायातील बूट काढणारी आई निष्काळजी नसते. पाऊल सरळ दिसत असताना बूट कशासाठी, हे तिला कोणी तिच्या भाषेत सांगितलेले नसते. सुरगाणा-पेठच्या घरांत कोकणी, वारली, महादेव कोळी बोली चालते. बाह्यरुग्ण विभागातील दोन मिनिटांत प्रमाण मराठीत दिलेली सूचना पाड्यावर पोहोचेपर्यंत पुसट होते.

‘क्युअर इंडिया’ ही संस्था २००९ पासून देशभरातील सरकारी रुग्णालयांसोबत क्लबफूटवर काम करते आहे. तिच्या कामात प्लास्टर घालणाऱ्या डॉक्टरांइतकेच महत्त्व समुपदेशकाला असते. चार वर्षांचा उपचार घरातच पार पडायचा असेल तर घराशी बोलणारा माणूस हा उपचाराचाच भाग ठरतो.

सरकारी योजना आहे, मग ती काय करते?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात ६ फेब्रुवारी २०१३ रोजी महाराष्ट्रातच, तेव्हा ठाणे जिल्ह्यात असलेल्या पालघरमध्ये झाली. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची जन्मजात दोष, कमतरता, आजार आणि विकासातील विलंब यांसाठी तपासणी हे त्याचे उद्दिष्ट. क्लबफूट, खुब्याच्या सांध्याचा जन्मजात दोष आणि मुडदूस हे तिन्ही त्याच्या मूळ यादीत आहेत. फिरती पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा जातात. दोष आढळलेल्या बाळाला जिल्हा पातळीवरील शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवायचे, अशी रचना आहे.

रचना चांगली आहे. पण अहवालांत आणि बातम्यांत ठळक छापला जातो तो ‘इतक्या लाख मुलांची तपासणी’ हा आकडा. तपासणी एका दिवसात होते, म्हणून ती मोजायला सोपी. बूट चार वर्षे टिकले का, हे मोजायला त्याच बाळाकडे पुन्हा पुन्हा जावे लागते.

क्षयरोग कार्यक्रमाने हा धडा फार पूर्वी घेतला. तिथे किती रुग्ण सापडले यासोबत किती जणांचा उपचार पूर्ण झाला, हेही मोजले जाते. रुग्णाला पोषणासाठी दरमहा थेट बँक खात्यात पैसे मिळतात. मध्येच थांबलेल्या रुग्णाच्या घरी कर्मचारी जातो. मग हाच न्याय वाकड्या पावलाला का नको?

एवढ्या थोड्या मुलांसाठी वेगळी यंत्रणा परवडेल?

साधा हिशेब करून पाहू. २०११ च्या जनगणनेनुसार नाशिक जिल्ह्याची लोकसंख्या ६१ लाखांहून अधिक. हजारी १५ जन्म धरले तर वर्षाला ९० हजारांच्या वर बाळे जन्मतात. हजारी एक या प्रमाणाने जिल्ह्यात दरवर्षी शंभरच्या आसपास बाळांना क्लबफूट असेल. हा अंदाज आहे, प्रत्यक्ष नोंद नव्हे. तरी त्यातून एक गोष्ट कळते. चार वर्षांची मिळून चारशेच्या आसपास नावे होतात. ती एका नोंदवहीत मावतात. त्यांच्यासाठी नवी इमारत नको, नवे यंत्र नको. महिन्यातून एकदा प्रत्येक नावापुढे फोन लावणारा एक माणूस हवा.

आणि खर्चाचीच तुलना करायची तर दुसरी बाजूही पाहावी. उपचार न झालेले मूल पावलाच्या बाहेरच्या कडेवर चालते. तिथे घट्टे पडतात, चालणे दुखरे होते, शाळा लांब वाटू लागते. मोठेपणी मोठ्या शस्त्रक्रिया कराव्या लागतात आणि तरीही पाऊल ताठर राहू शकते. शेतात, बागेत, बांधकामावर पायाच्या जोरावर जगणाऱ्या घरात याचा अर्थ आयुष्यभराची कमाई घटणे असा होतो.

आणखी कोणत्या खुणांकडे लक्ष द्यावे?

क्लबफूट निदान डोळ्यांना दिसतो. खुब्याचा सांधा जागेवर नसेल तर ते सहज दिसत नाही. पायाळू बाळ, मुलगी, पहिले अपत्य किंवा घरात आधी कोणाला हा त्रास असेल तर धोका अधिक. मांड्यांच्या वळ्या असमान दिसणे, लंगोट बदलताना एक मांडी पुरेशी न उघडणे या त्याच्या खुणा. पहिल्या सहा महिन्यांत लक्षात आले तर पट्ट्यांच्या साध्या आधारावर बहुतेकदा भागते. चालायला लागल्यावर कळले तर अनेकदा शस्त्रक्रिया लागते.

बाळाचे पाय सरळ ओढून दुपट्यात आवळून बांधण्याची पद्धत या सांध्याला घातक आहे. जपानमध्ये सत्तरच्या दशकात त्याविरुद्ध मोहीम झाली आणि हा दोष लक्षणीय घटला. उलट बाळाला कडेवर घेण्याची आपली सवय चांगली, कारण तीत मांड्या फाकलेल्या राहतात. दुपटे वरून गुंडाळावे, पण खाली पाय हलायला जागा ठेवावी.

मुलाला ताप आहे आणि ते एक हात किंवा पाय हलवू देत नाही, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. सांध्यात जंतुसंसर्ग असेल तर उशिराने सांधा कायमचा खराब होतो. तीन-चार वर्षांचा मुलगा वारंवार पडतो, जिना चढताना थकतो, जमिनीवरून उठताना गुडघ्यांवर हात टेकत उठतो, पोटऱ्या मात्र भरलेल्या दिसतात, तर स्नायूंच्या आजारासाठी रक्ततपासणी करावी. ड्युशेन या स्नायुविकारावर पूर्ण इलाज अजून नाही. पण वेळीच औषध आणि व्यायाम मिळाले तर मूल अधिक वर्षे चालते आणि पुढच्या गर्भारपणाआधी कुटुंबाला आनुवंशिक सल्ला मिळू शकतो.

रात्री दोन्ही पाय दुखणारे आणि सकाळी उड्या मारणारे मूल बहुधा ठीक असते. पण दुखणे एकाच पायात असेल, सूज असेल, लंगडणे असेल किंवा सकाळी सांधे आखडत असतील तर ‘वाढीचे दुखणे’ म्हणून सोडून देऊ नये.

दप्तराचे काय?

मुलांच्या हाडांचा विषय शहरात निघतो तो बहुधा दप्तराच्या ओझ्यावरून. ओझे मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांहून अधिक नसावे, असे केंद्राचे २०२० चे धोरण सांगते. जड दप्तराने पाठ आणि खांदे दुखतात, म्हणून नियम हवाच. पण त्यामुळे पाठीचा कणा कायमचा वाकतो, याला पुरावा नाही. दप्तरावर जेवढे बोलले जाते, त्याच्या दशांशही वाकड्या पावलांवर बोलले जात नाही. कारण दप्तर गंगापूर रोडच्या घरात दिसते, तर बूट पाड्यावर.

काय करता येईल?

पहिले, आकडा बदलावा. यंदा ज्या बाळांचे प्लास्टर सुरू झाले, त्यांपैकी किती चार वर्षांनी नीट चालतात, हा जिल्ह्याचा वार्षिक निकाल जाहीर व्हावा. दुसरे, प्लास्टर नाशिकला घातले तरी बुटांची तपासणी आणि नवे माप कळवण उपजिल्हा रुग्णालयासारख्या जवळच्या ठिकाणी ठरलेल्या दिवशी मिळावे. तिसरे, बाळाची नोंद कुटुंबासोबत फिरावी. अंगणवाडीच्या पोषण ट्रॅकरमध्ये स्थलांतरित लाभार्थ्यांसाठी सोय आहे. त्याच धर्तीवर बुटांतील बाळाची माहिती दिंडोरी-निफाडच्या आशा ताईपर्यंत पोहोचवता येईल. चौथे, फेरीच्या दिवशी बुडालेल्या मजुरीची भरपाई द्यावी.

महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय नाशिकमध्येच आहे. राज्यभरातील डॉक्टर, परिचारिका आणि फिजिओथेरपिस्ट घडवण्याची सूत्रे या शहरातून हलतात. चारशे नावांची एक वही नीट चालवून दाखवण्यासाठी याहून योग्य जिल्हा शोधूनही सापडणार नाही. मुलाच्या हाडांना वाट पाहता येत नाही. आज मऊ असलेले पाऊल आणखी काही वर्षांनी तेवढ्या सहजपणे वळणार नाही.