उंचीचा हिशेब

विश्रामबागेत आमच्या शेजारी राहणारा अभियांत्रिकीचा एक विद्यार्थी परवा जगातील सर्वांत उंच इमारतींची यादी घेऊन आला. दुबईची बुर्ज खलिफा ८२८ मीटर, क्वालालंपूरची मर्देका ११८ सुमारे ६७९ मीटर, शांघाय टॉवर ६३२ मीटर. बुर्ज खलिफाचा आराखडा तीन पाकळ्यांचा आहे. या पाकळ्या मधल्या गाभ्याच्या द्वारे परस्परांना आधार देतात आणि त्यामुळे इमारत वाऱ्याचा जोर पेलते, हे त्याने मोठ्या उत्साहाने समजावून सांगितले. मानवी बुद्धीच्या या पराक्रमाला दाद न देणारा मनुष्य करंटाच म्हणावा लागेल.

परंतु अर्थशास्त्र शिकविण्यात आयुष्य गेलेल्याला दुसराही हिशेब सुचतो. त्या ८२८ मीटरांपैकी वरचे सुमारे २४४ मीटर कोणाच्याही राहण्या-वापरण्याचे नाहीत; ती निव्वळ मिरवण्याची उंची आहे. आणि हीच इमारत बांधणाऱ्या परदेशी मजुरांना, ज्यांत आपले भारतीयही होते, २००६ च्या मार्चमध्ये मजुरीसाठी तिच्याच पायथ्याशी काम बंद पाडावे लागले होते.

मुळात इमारती इतक्या उंच का होतात? मजले चढत जातात तसा पोलादाचा, उद्वाहकांचा, पाणी वर नेण्याचा खर्च वाढत जातो. तरीही उंची परवडते, कारण खालची जमीन त्याहून महाग असते. ही किंमत जमीनमालक निर्माण करीत नाही. रेल्वे, रस्ते, पाणीपुरवठा आणि त्या परिसरात पिढ्यान्‌पिढ्या राबलेली माणसे यांनी ती निर्माण केलेली असते. अर्थशास्त्रात हिला अनर्जित मूल्यवृद्धी म्हणतात. ती समाजाची असून खिशात मात्र मालकाच्या पडते.

याचे उदाहरण शोधण्यासाठी दुबईला जावयास नको. मुंबईत लोअर परळला २८० मीटर उंचीची ‘वर्ल्ड वन’ उभी आहे, ती श्रीनिवास मिलच्या जमिनीवर. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात मुंबईचे सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. त्यांत आपल्या सांगली-सातारा-कोल्हापूरकडचे असंख्य होते. त्या संपानंतर शिराळ्याकडे परतलेले कामगार मी पाहिले आहेत. गावच्या तुकड्याभर जमिनीवर भावांचेच पोट भरत नव्हते. तेथे हे आणखी एक खाणारे तोंड होऊन आले होते.

१९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे ठरविले : एक महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१ साली नियम बदलला आणि वाटणी केवळ आधीच मोकळ्या असलेल्या जागेपुरती उरली. बांधकामाखालची जमीन तीतून वगळली गेली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हा बदल ग्राह्य धरला. एका शब्दाच्या व्याख्येने कामगारांचा आणि शहराचा वाटा आकसला, आणि मालकाच्या वाट्यावर मनोरे चढले.

परिणाम समोर आहे. घरांसाठी कामगारांचे व वारसांचे पावणेदोन लाखांच्या जवळपास अर्ज आले. २०२४ पर्यंत घरे मिळाली ती त्यांपैकी दहांतील एकाच्या आसपास. उरलेल्यांना कर्जतच्या वाटेवरील शेलू-वांगणी दाखविण्यात आली. जुलै २०२५ मध्ये म्हातारे कामगार आझाद मैदानात आले ते घर मुंबईतच हवे, हे सांगण्यासाठी. ही मागणी हट्टाची आहे काय? ज्या जमिनीचे मोल त्यांच्या श्रमाने वाढले, त्या शहरात चार भिंती मागणे हा त्यांचा हक्क आहे.

म्हणून शासनाने गिरण्यांच्या जमिनींवर यापुढे एक चौरस फूटही वाढीव चटईक्षेत्र देण्यापूर्वी या अर्जदारांची घरे मुंबईत बांधून द्यावीत, आणि मालकांना झालेल्या मूल्यवृद्धीतून त्यांचा खर्च वसूल करावा. आमच्या विद्यार्थिमित्राला मी एवढेच सांगितले की, तुझ्या यादीत उंचीच्या रकान्याशेजारी आणखी एक रकाना आखून ठेव : या जमिनीवर आधी कोण होते, आणि ते आता कोठे राहतात?