घरच्या बागेतला वसंत

जानेवारी सरत आला की रावपुऱ्यात आमच्या जाण्यायेण्याच्या घरांत दोन गोष्टी हटकून घडताना दिसतात. एक म्हणजे, उत्तरायणाच्या पतंगांचा मांजा अडकतो या सबबीवर गच्चीवर चढलेली वेल कमरेइतकी छाटली जाते. दुसरी म्हणजे, त्यानंतरच्या एखाद्या रविवारी सगळे घर रोपवाटिकेत जाते आणि फुलांनी डवरलेल्या दहाबारा कुंड्या रिक्षात घालून आणते. पिटुनिया, फ्लॉक्स, डेलिया, डायान्थस. होळी येईतो त्यांतली निम्मी रोपे पिवळी पडतात आणि गुढीपाडव्याला कुंड्या जिन्याखाली जातात. ज्या वेलीला नेमके याच दिवसांत फूल यायचे होते, तिच्या कळ्या तर आपण उत्तरायणालाच कात्रीखाली घातलेल्या असतात. मग आम्हाला प्रश्न येतो, "फादर, आमच्याकडे वसंतात काहीच कसे फुलत नाही?"

हंगामी फुलांशी आमचे वैर नाही. ज्यांना हौस आहे त्यांनी ऑक्टोबरात बी पेरून ती जरूर करावीत. पण ती थंडीची फुले आहेत. फेब्रुवारीत ती म्हातारी झालेली असतात आणि आपण त्यांना म्हातारपणीच घरी आणतो. आमचे म्हणणे एवढेच की, ज्याच्याकडे चार हात जागा आणि रोजचे दोन बादल्या पाणी आहे, त्याने ते दरवर्षी मरणाऱ्या रोपांवर न घालवता दहावीस वर्षे टिकणाऱ्या वेलींवर व झुडपांवर घालावे. आणि ती निवडताना फुलाच्या रंगाआधी ते कोणत्या महिन्यात फुलते व कोणत्या महिन्यात छाटायचे हे पाहावे.

यात पुस्तकांनीही आपला घोटाळा केला आहे. इंग्लंड-अमेरिकेतली बागेची पुस्तके उघडली की वसंतासाठी लायलाक, फोर्सिथिया, विस्टेरिया, पिओनी अशी नावे येतात. चित्रे सुंदर असतात. परंतु या झाडांच्या कळ्या उमलायला आधी आठवडेच्या आठवडे कडाक्याची थंडी लागते. बडोद्याची थंडी म्हणजे जेमतेम दोन महिने शाल पांघरण्याइतकी. ती या झाडांच्या खिजगणतीतही नाही. आपल्याकडचा वसंत बर्फ वितळून येत नाही, तो जमीन सुकत जाऊन येतो. होळीच्या सुमारास पावागडच्या वाटेने जाऊन पाहावे. केसूडा, म्हणजे आपला पळस, अंगावर पान नसताना पेटलेला असतो. त्याला त्या दिवसांत कोणी पाणी घातलेले नसते.

शेती करणाऱ्या वाचकांना हे सांगायला नको. डाळिंब, पेरू किंवा लिंबाचा आंबेबहार धरणारा बागायतदार आधी पाणी तोडून झाडाला ताण देतो, मग खत-पाणी देऊन फूल काढतो. हेच गणित घरच्या मोगऱ्यालाही लागू आहे. डिसेंबरात मोगऱ्याचे पाणी कमी करत आणावे, पाने मलूल झाली तरी घाबरू नये. महिनाअखेरीस किंवा जानेवारीच्या आरंभी झुडूप गुडघ्याइतके छाटावे, मुळाशी कुजलेले शेणखत घालावे आणि मग भरपूर पाणी द्यावे. मोगरा नव्या फुटीवर फुलतो. जितकी नवी फूट, तितक्या चैत्रात कळ्या.

याच्या उलट पेट्रियाची निळी वेल आणि माधवी. यांचे फूल मागच्या पावसाळ्यात वाढून थंडीत पिकलेल्या फांदीवर येते. त्यांची छाटणी फुले झडल्यावर, म्हणजे एप्रिलअखेर करायची. संक्रांतवेलीची तऱ्हा आणखी वेगळी. तिचे नारिंगी झुबके फांदीच्या टोकाला धरतात आणि ऐन उत्तरायणाच्या सुमारास फुटू लागतात, त्यामुळे मांजासाठी पहिला बळी तिचाच जातो. तिला फेब्रुवारी संपेपर्यंत हात लावू नये. नंतर हवी तेवढी कापावी, ती रागावत नाही. आम्ही स्वतः एका वर्षी बाग नीटनेटकी दिसावी म्हणून डिसेंबरात पेट्रिया चांगली गोल कातरून ठेवली आणि त्या फाल्गुनात तिच्यावर एकही तुरा आला नाही. शेजारच्या आजींनी एवढेच विचारले, "केस कुणी कापले हो हिचे?"

आता वेलींविषयी थोडे सविस्तर, कारण रावपुऱ्यासारख्या दाट वस्तीत जागा आडवी नाही, उभी आहे.

माधवी आणि मधुमालती यांत लोकांची नेहमी गफलत होते आणि विकणारेही ती होऊ देतात. मधुमालती म्हणजे संध्याकाळी पांढरी उमलून एकदोन दिवसांत गुलाबी व मग लाल होणाऱ्या लांब दांड्याच्या फुलांची वेल. ती सुरेखच आहे, पण तिचा खरा भर उन्हाळ्यापासून पावसाळ्यापर्यंत. माधवी, जिला मराठीत हळदवेलही म्हणतात, ती वेगळी. तिच्या फुलाच्या पाकळ्या कडेला झालरीसारख्या कातरलेल्या, चार पांढऱ्या आणि एकीवर हळदीचा डाग. वास मंद पण दूर जाणारा. माघ-फाल्गुनात ती फुलते आणि नंतर तिची तीन पंखांची फळे वाऱ्यावर भिरभिरत खाली येतात. मुलांना तो खेळ फार आवडतो. संस्कृत काव्यनाटकांतले माधवीचे मांडव ते हिचेच. ही आपल्याच देशातली वेल आहे आणि आमच्या मते बडोद्याच्या अंगणात वसंतासाठी हिच्याइतकी योग्य दुसरी नाही. मात्र ती कुंडीची नव्हे. तिला जमीन आणि लोखंडी मांडव लागतो, आणि दरवर्षी कात्री लागते. मॉरिशस व रियुनियन बेटांवर शोभेसाठी नेलेल्या याच माधवीने तिथल्या रानातल्या झाडांचा गळा आवळला आहे. छाटायचा कंटाळा असेल त्याने ती लावू नये.

पेट्रिया मूळची मध्य अमेरिकेकडची. पाने पॉलिशकागदासारखी खरखरीत, आणि जांभळ्या-निळ्या फुलांचे लोंबते तुरे. आतले गडद फूल लवकर पडते, पण बाहेरचा फिकट निळा तारा कितीतरी दिवस तसाच राहतो, म्हणून बहर लांबल्यासारखा वाटतो. पहिली दोनतीन वर्षे ती फुलत नाही, तेव्हा उपटून टाकायची घाई करू नये. लसणवेलीचा जांभळा बहर दिवाळीच्या आसपास आणि पुन्हा वसंतात, असा दोनदा येतो; पान चुरडले की खरोखर लसणाचा वास येतो.

ज्यांच्याकडे फक्त तापलेली गच्ची आहे त्यांनी बोगनवेल घ्यावी. फ्रेंच दर्यावर्दी बोगनव्हिल याच्या जगप्रवासात, १७६७ साली, त्याच्या तुकडीतल्या वनस्पतिशास्त्रज्ञाला ही ब्राझीलमध्ये मिळाली. रंगीत दिसतात ती फुले नव्हेत, पाने आहेत. खरे फूल आतले पांढरे, इवलेसे. ही वेल लाडाने बिघडते. रोज पाणी घातले की नुसता पाला वाढतो. मातीचा वरचा थर पूर्ण सुकल्यावर पाणी द्यावे, दिवसभर ऊन द्यावे, आणि छाटणी पावसाळा संपता संपता करावी. काटे मोठे असतात, तेव्हा जिन्याच्या वाटेवर नको.

पण एकच वेल लावून वसंत साधत नाही, कारण प्रत्येकीचा बहर तीनचार आठवड्यांचा. येथे बडोद्याचीच एक आठवण सांगण्याजोगी आहे. सयाजीराव महाराजांनी १८७९ मध्ये विश्वामित्रीच्या काठी सयाजीबाग, आपली कमाटीबाग, उभी केली. पुढे १८९३ मध्ये गुस्ताव हर्मान क्रुम्बिगल हे जर्मन उद्यानतज्ज्ञ लंडनच्या क्यू उद्यानातून बडोदे संस्थानच्या नोकरीत आले. नंतर ते म्हैसूर संस्थानात गेले आणि बेंगळुरूच्या लालबागेचा कारभार पाहू लागले. त्या शहरात एक झाड फुलून सरते न सरते तोच दुसरे फुलावे अशा हिशेबाने रस्त्यांवर झाडे लावण्याची कल्पना त्यांच्याच नावावर आहे. राजवाड्याच्या बागेला लागणारा तो हिशेब दहा फुटी अंगणालाही लागू पडतो. पौष-माघात संक्रांतवेल आणि कुंद. (कुंदाला संस्कृतात माघ्यच म्हणतात, इतका त्याचा महिना पक्का आहे.) फाल्गुनात माधवी किंवा पेट्रिया. चैत्रात मोगरा आणि देवचाफा. तीनचार झाडे नीट निवडली तर जानेवारीपासून मेपर्यंत घर फुलांवाचून राहत नाही. ईस्टरला आपण बाजारातून ग्लॅडिओलसच्या दांड्या विकत आणतो, त्याच दिवसांत चाफा आणि मोगरा अंगणात फुकट फुललेले असतात, हे आम्ही स्वतःलाही सांगून पाहतो.

झुडपांत देवचाफा सर्वांत सोशिक. हातभर फांदी कापावी, चीक वाळेपर्यंत आठवडाभर सावलीत ठेवावी, आणि मग लावावी. लगेच लावली तर बुडातून कुजते. धायटी मात्र रोपवाटिकेत सहसा मागावी लागते, कारण ती रानातली. डांगात आणि सह्याद्रीच्या उतारांवर फेब्रुवारी ते एप्रिल ती लाल नळ्यांनी भरते. वैद्य आसवे-अरिष्टे आंबवण्यासाठी हीच फुले वापरतात. घरी लावली तर शिंजिर पक्षी मध प्यायला येतील, यासाठी तरी लावावी.

अडुळशाची शिफारस आम्ही विशेष करतो. आपले गुजराती शेजारी त्याला अरडूसी म्हणतात. थंडी ओसरताना त्याला जांभळ्या रेघांची पांढरी फुले येतात, कुंपणाला तो उत्तम, आणि शेळीसुद्धा त्याला तोंड लावत नाही. खोकल्यावरचे त्याचे नाव जुने आहे. त्यातल्या व्हॅसिसीन या द्रव्यावरूनच पुढे ब्रोमहेक्झिन हे कफ पातळ करणारे औषध निघाले. पण घरचे झाड म्हणून वाटेल तसा काढा पिऊ नये. गर्भवती स्त्रियांनी तर तो मुळीच घेऊ नये, त्याने गर्भाशय आकुंचन पावतो. आणि दोन आठवड्यांहून जुन्या खोकल्याला अडुळसा नको, थुंकीची तपासणी हवी.

कण्हेरीबद्दल आमचे मत अनेकांना रुचणार नाही. ती सुंदर आहे, पाण्यावाचून जगते, रस्त्याच्या दुभाजकांवर शोभते. तिने तिथेच राहावे. तिचे पान, फूल, काडी सगळे विषारी आहे, आणि पिवळ्या कण्हेरीची, म्हणजे बिट्टीची, बी तर त्याहून वाईट. ती थेट हृदयाच्या ठोक्यांवर घाला घालते. बिट्ट्यांनी मुले खेळतात हे आपण सर्वांनी पाहिले आहे. रांगते मूल असलेल्या घरात या दोन्ही नकोत. कुणी चावलीच तर मीठपाणी, ताक असले उपाय करीत न बसता सरळ मोठ्या रुग्णालयात न्यावे, आणि झाडाची डहाळी बरोबर न्यावी.

कंदवर्गातली लाल लिली, म्हणजे ॲमरिलिस, मार्च-एप्रिलात कर्ण्यासारखी फुलते. नोव्हेंबर ते जानेवारी तिचे पाणी तोडून कंद झोपू द्यावेत. सावलीच्या कोपऱ्यात अबोली. बहुवर्षायूंत एवढे पुरे.

खरी अडचण झाडांची नाही, मातीची आहे. टॉवरपासून कोठीपर्यंत चालत जावे आणि किती घरांच्या पुढे उघडी जमीन उरली आहे ते मोजावे. जुने वाडे गेले. उरलेल्या घरांतही धूळ नको, चिखल नको म्हणून भिंतीपर्यंत लादी बसवली जाते. लादी बसवणाऱ्या कारागिराला आपण एकच सांगावे: पश्चिमेच्या भिंतीजवळ दोन फूट लांब, दोन फूट रुंद एवढा चौकोन सोड. तेवढ्यात एक वेल सुखाने जगते. पायापासून ती दोन फूट तरी दूर असावी आणि मांडवाची जाळी भिंतीपासून वीतभर पुढे, म्हणजे ओल भिंतीत जात नाही आणि मधून हवा खेळते. कुंडीतली वेल मेमध्ये दिवसातून दोनदा पाणी मागते. जमिनीतली एकदा मुरली की दोनतीन दिवसांनी.

हा केवळ शोभेचा प्रश्न आम्ही मानत नाही. २०१० च्या मे महिन्यात आपल्या शेजारच्या अहमदाबादेत पारा ४६.८ अंशांवर गेला आणि त्या एका महिन्यात नेहमीच्या मे महिन्यापेक्षा १३०० हून अधिक माणसे जास्त दगावली. त्यानंतर २०१३ मध्ये तिथल्या महापालिकेने उष्णतेसाठी कृती आराखडा केला. बडोद्याचा उन्हाळा काही वेगळा नाही. आमच्या माहितीतली कितीतरी वृद्ध माणसे वरच्या मजल्यावरच्या पश्चिमेच्या खोलीत दुपार काढतात, कारण खालची खोली भाड्याने दिलेली असते. त्या भिंतीवर ऊन पडण्याआधी पानांवर पडले तर भिंत कमी तापते, आणि रात्री खोलीही कमी धगधगते. वेल पंख्याची जागा घेणार नाही, पाणी पिण्याची आठवणही करून देणार नाही. तरीही फुलांसाठी लावलेली माधवी चैत्रात पानांनी भरून सावली देत असेल, तर आजोबांच्या खोलीबाहेर तीच असावी, डायान्थस नसावा.

कुंडीखालच्या बशा आठवड्यातून एकदा रिकाम्या करून घासाव्यात. डेंग्यूचा डास तेवढ्याच स्वच्छ पाण्यात अंडी घालतो, आणि आठदहा दिवसांत त्यातून डास उडतो.

आमच्याकडचा कुंद यंदा चांगला पसरला आहे. पावसाळ्यात त्याच्या फांद्या मातीत दाबून दाब कलमे करणार आहोत. ज्यांना हवी असतील त्यांनी गणपतीनंतर रिकामे डबे घेऊन यावे. डब्याला तळाशी भोके पाडून आणावीत, गेल्या वर्षी निम्म्या लोकांनी ती पाडली नव्हती.