मालक कोण?

पहाटे सफाळे स्टेशनात उभं राहा. डबा काखेत मारून डहाणूच्या गाडीत चढणाऱ्या पोराला विचारा, कुठं कामाला? तो कंपनीचं नाव सांगेल. मग विचारा, मालक कोण? पोरगा गप्प. केळवे रोड जातं, पालघर जातं, उमरोळी जातं. बोईसर येतं, पण उत्तर येत नाही.

मीही सात वर्षं असाच गप्प होतो. तारापूर एमआयडीसीत एकच कारखाना, एकच गेट, एकच मशीन. ठेकेदार मात्र तीन झाले. माणूस तोच, बिल्ला नवा. दर वेळी ब्रेक, दर वेळी कोऱ्या कागदावर सही. एका सकाळी वॉचमननं गेटवरच अडवलं. एच. आर.च्या साहेबानं माझीच सही मला दाखवली. वर टाइप केलेलं, 'घरगुती अडचणीमुळे राजीनामा देत आहे.' दोस्तहो, घरात अडचण त्या दिवसापासून सुरू झाली!

राजीनाम्याची ही हौस का? साधा हिशेब आहे. वर्षात 240 दिवस भरलेल्या कामगाराला कमी करायचं, तर एक महिन्याची नोटीस आणि दर वर्षामागं 15 दिवसांचा पगार द्यावा लागतो. 1947च्या औद्योगिक विवाद कायद्यात हे होतं, नव्या संहितेतही आहे. राजीनाम्यावर सही झाली की ही भरपाई बुडाली. साहेबाला हे पाठ. त्याचा वकील ठरलेला. आपल्याला कुणी शिकवलं?

कोर्टात गेलात तरी पहिला सवाल तोच : मालक कोण? 1996 साली एअर इंडियाच्या खटल्यात सुप्रीम कोर्ट म्हणालं, सरकारनं त्या कामातली ठेकेदारी बंद केली की कामगार मूळ मालकाचा. 2001 साली स्टील अथॉरिटीच्या खटल्यात पाच न्यायमूर्तींनी ते फिरवलं. आपोआप काही नाही, ठेका नुसता देखावा आहे हे सिद्ध करा. म्हणजे मस्टर त्यांच्या कपाटात आणि पुरावा द्यायचा आपण!

पण सिद्ध होतं. मुंबई महापालिकेत कचरा उचलणारी माणसं, बहुतेक आपलीच. झाडू आपल्या हातात, ठेका दुसऱ्याच्या नावावर. कचरा वाहतूक श्रमिक संघ चिवटपणे लढला. 2014 साली औद्योगिक न्यायाधिकरणानं 2,700 कामगारांना कायम करा म्हटलं, 2017 साली सुप्रीम कोर्टानं ते उचलून धरलं. ही भीक नव्हती. संघटना होती आणि कागद होते.

21 नोव्हेंबर 2025पासून चार कामगार संहिता लागू झाल्यात. त्यात नेमणूकपत्र सक्तीचं आहे. कामावरून काढल्यावर दोन कामकाजाच्या दिवसांत पगाराचा हिशेब चुकता करायचा आहे. हे मागून घ्या. पण दुसरं पानही वाचा. 1970च्या कायद्यात 20 माणसांच्या ठेकेदाराला परवाना लागायचा. महाराष्ट्रानं हा आकडा आधीच 50 केला, आता देशभर 50. 49 माणसांचा ठेकेदार परवान्यातून मोकळा. हे पान एच. आर.वाल्यानं आधीच वाचलंय.

आणि आपण? 14 एप्रिलला डीजे, 6 डिसेंबरला चैत्यभूमी. बाबासाहेब बॅरिस्टर होते हे तोंडपाठ. पण 7 नोव्हेंबर 1938 किती जणांना ठाऊक आहे? कामगाराचा संपाचा हक्क आवळणारं बिल आलं. बाबासाहेबांनी विधिमंडळात त्याची चिरफाड केली आणि मग मुंबईत संप पुकारला. आधी कलम, मग रस्ता. आपण नुसता रस्ता उचलला, कलम साहेबाला देऊन टाकलं.

म्हणून जयंतीच्या वर्गणीतून एक वही घ्या. विहारात ठेवा. वारली पोरगा येऊ दे, बिहारकडचा येऊ दे, सगळ्यांची नोंद करा. ठेकेदार कोण, कधीपासून, बदलला कधी. हुकूम कोण सोडतो, रजा कोण देतो, कंपनीचा सुपरवायझर की ठेकेदार? उद्या कोर्टात खरा मालक यातूनच उघडा पडेल. गेटपासचा फोटो, पगाराची पावती, बँकेची नोंद, पी. एफ. आणि ई. एस. आय.चे नंबर, सगळं जपा. ठेकेदारानं पगार बुडवला तर मूळ मालकावर जबाबदारी येते, हे पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा. आणि कोऱ्या कागदावर सही? मेलो तरी नाही.

पुढच्या वेळी सफाळ्याच्या गाडीत कुणी विचारलं, मालक कोण, तर पोरानं खिशातून कागद काढला पाहिजे.

जयभीम!